यादीत कोण बसले, कोण उभे राहिले

गेल्या बैठकीत चहाच्या वेळी एका ज्येष्ठ सभासदांनी सांगितले की नातीला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करायचे आहे. उस्मानिया आणि हैदराबाद विद्यापीठ अशा दोन्ही ठिकाणी तिला प्रवेश मिळण्यासारखा होता. तिने गच्चीबावलीची वाट धरली. कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, ते एमिनन्सचे आहे." आजोबा उस्मानियाचे पदवीधर, त्यांचे वडीलही तिथलेच. ते काही बोलले नाहीत. मात्र तिथे बसलेल्या बहुतेकांच्या घरात उस्मानियाची एखादी तरी पदवी भिंतीवर लावलेली आहे, त्यामुळे विषय तिथेच थांबला नाही.

हे "एमिनन्स" म्हणजे काय, हे आधी पाहू. केंद्र सरकारने २०१७ मध्ये "इन्स्टिट्यूशन्स ऑफ एमिनन्स" ही योजना आणली. दहा सरकारी आणि दहा खासगी संस्था निवडून त्यांना जागतिक दर्जाची संशोधन विद्यापीठे बनवायचे, सरकारी संस्थांना पाच वर्षांत एक हजार कोटी रुपयांपर्यंत द्यायचे आणि खासगी संस्थांना पैसे नाहीत, पण कारभाराची मोकळीक द्यायची, असा तो बेत होता. माजी मुख्य निवडणूक आयुक्त एन. गोपालस्वामी यांच्या समितीने शिफारशी केल्या. २०१८ च्या जुलैत पहिली सहा नावे आली. त्यांत बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, मुंबई आणि दिल्लीच्या आयआयटी होत्या, त्याबद्दल कोणाचे दुमत नव्हते. पण त्याच यादीत जिओ इन्स्टिट्यूटही होती. तिचे तोवर एकही विद्यार्थी, एकही वर्ग नव्हता! नियोजित संस्थांसाठी नियमात वेगळा गट होता, हे खरे. ती संस्था २०२२ मध्ये नवी मुंबईत सुरू झाली, हेही खरे. तरीपण शंभर वर्षे उभ्या असलेल्या विद्यापीठांनी त्या दिवशी काय समजायचे? असो.

२०१९ मध्ये आपल्या शहरातील हैदराबाद विद्यापीठाची त्या यादीत निवड झाली. याचा आम्हांला आनंदच आहे. १९७४ मध्ये सरोजिनी नायडूंच्या आबिड्सजवळच्या "गोल्डन थ्रेशोल्ड" या घरातून सुरू झालेले हे विद्यापीठ पहिल्यापासून पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन यांसाठीच बांधलेले आहे. त्याला संलग्न महाविद्यालये नाहीत, पदवीच्या लाखो उत्तरपत्रिका नाहीत, आणि पगार दिल्लीहून येतो. २०२५ मध्ये त्याच्या शेजारच्या कांचा गच्चीबावलीच्या चारशे एकरांवरील झाडे तोडायला सुरुवात झाली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला. म्हणजे यादीत बसल्याने सगळी संकटे टळतात असे नाही.

प्रश्न उस्मानियाचा आहे. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाने उर्दूतून, म्हणजे भारतीय भाषेतून, उच्च शिक्षण देऊन दाखवले. त्यासाठी आधी भाषांतर विभाग उभारून शास्त्रीय ग्रंथ उर्दूत आणले. निजामिया वेधशाळा १९१९ मध्ये उस्मानियाकडे आली. ताऱ्यांच्या छायाचित्रांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत या शहराच्या वेधशाळेने लाखो ताऱ्यांच्या नोंदी केल्या. १९६८ मध्ये जपाल-रंगापूरला अठ्ठेचाळीस इंची दुर्बीण बसली. पुढे ती दुर्लक्षित झाली, ही गोष्ट वेगळी. मराठवाड्यातील महाविद्यालयेही १९५८ मध्ये औरंगाबादला विद्यापीठ होईपर्यंत उस्मानियाच्याच छत्राखाली होती. आपल्यातल्या कितीतरी घरांची मुळे अशी तिकडची आणि इकडची एकच आहेत.

मग उस्मानियाला यादीत घाला, असे आम्ही म्हणतो का? नाही. आजची स्थिती पाहून तसे म्हणणे ही निव्वळ भावना ठरेल. कायम अध्यापकांच्या मंजूर जागांपैकी निम्म्याहून अधिक रिकाम्या, अशी अवस्था अलीकडच्या वर्षांपर्यंत होती. मार्गदर्शकच नाहीत तर पीएच.डी. कोण करून घेणार? उरलेल्यांचा अर्धा वेळ शेकडो संलग्न महाविद्यालयांच्या परीक्षांत जातो. शर्यतीचा घोडा आणि औताचा बैल एकाच मैदानात उतरवून बैल हळू धावला असा शेरा मारण्याचाच हा प्रकार आहे. आमची तक्रार शेऱ्याबद्दल नाही. औत त्याच्या मानेवर कोणी ठेवले, हे कोणी विचारत नाही, याबद्दल आहे.

पैशाचे गणित याहून कडू आहे. राज्य विद्यापीठ निवडले गेले तर खर्चाचा मोठा वाटा राज्याने उचलावा, अशी अट होती. चेन्नईचे अण्णा विद्यापीठ आणि कोलकात्याचे जादवपूर विद्यापीठ यांची शिफारस झाली होती. तमिळनाडू सरकारने २०२० मध्ये नको म्हणून कळवले. आरक्षणाविषयीची शंका हे एक कारण, पैसा हे दुसरे. जादवपूरचा प्रस्तावही राज्याच्या वाट्यावरच अडला. म्हणजे गुणवत्ता मान्य, पण घरचा मालक पैसे देईना म्हणून विद्यार्थी वर्गाबाहेर!

परदेशातही अशा याद्या निर्मळ नाहीत. ब्रिटनचा रसेल ग्रुप १९९४ मध्ये सतरा विद्यापीठांनी आपसांत मिळून काढला, आता तिथे चोवीस आहेत. अमेरिकेतील तशाच संघटनेने २०११ मध्ये मतदान करून नेब्रास्का विद्यापीठाला बाहेर काढले. शेतीच्या संशोधनाला मिळणारा बराच निधी त्यांच्या मोजमापात धरला जात नव्हता, हे त्यामागचे एक मोठे कारण. काय मोजायचे हे ज्याच्या हाती, त्याच्याच हाती निकाल. आपल्या मराठी विभागातील जुन्या दख्खनी कागदपत्रांवरचे काम कोणत्या जागतिक क्रमवारीत मोजले जाईल, हे वाचकांनीच ठरवावे.

यात आपण मोकळे नाही. गेल्या पंचवीस वर्षांत आपल्यातल्या किती कुटुंबांनी मुलांना उस्मानियाच्या विज्ञान शाखेत घातले? देणग्या देऊन खासगी अभियांत्रिकी महाविद्यालये भरली आपण, आणि शताब्दीच्या वर्षी, २०१७ मध्ये, कला महाविद्यालयाच्या पायऱ्यांवर उभे राहून छायाचित्रे काढली तीही आपणच.

कार्यकारिणीने आता आमदारांकडे जायचे ठरवले आहे. दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. रिकाम्या जागा कायम नेमणुकीने कधी भरणार, आणि संलग्न महाविद्यालयांच्या परीक्षांचे ओझे वेगळ्या मंडळाकडे देणार का. निवेदनाचा मसुदा कार्यालयात ठेवला आहे. ज्या सभासदांनी उस्मानियात शिकवले आहे त्यांनी येत्या रविवारी सायंकाळी येऊन तो वाचावा आणि चुका दाखवाव्यात. त्या नातीलाही बोलावले आहे. ती येते म्हणाली आहे.