कोबीवर कसला राग काढता?

बंगळुरूत आमच्या शेजारच्या काकूंनी कोबी घरात आणणंच बंद केलंय. कोबीतली अळी मेंदूत जाते, असं त्यांना कुणीतरी ठासून सांगितलं. शिवाय आपण शाकाहारी, म्हणजे डुकराच्या मांसातून येणारा रोग आपल्याला होणारच नाही, अशी त्यांची खात्री. या दोन्ही समजुती मला काळजीच्या वाटतात.

कोबी पोखरणारी अळी मेंदूत जात नाही. जाते ती फीतकृमीची, म्हणजे टेपवर्मची. अर्धकच्चं डुकराचं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात हा कृमी वाढतो आणि त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. न धुतलेले हात, मैला मिसळलेलं पाणी, त्या पाण्यावरची कच्ची भाजी यांतून ती दुसऱ्याच्या पोटात जातात. तिथे अंड्यांतून निघालेल्या अळ्या रक्तावाटे मेंदूत पोचतात, पुटी करून राहतात आणि एक दिवस अचानक फिट येते. यालाच न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणतात. डुकराचं मांस निषिद्ध मानणाऱ्या न्यूयॉर्कच्या सनातनी ज्यू कुटुंबांतही असे रुग्ण सापडल्याचं 1992 साली प्रसिद्ध झालं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, हा कृमी जिथे मूळ धरून आहे तिथल्या अपस्माराच्या, म्हणजे फिट येण्याच्या आजाराच्या, सुमारे 30 टक्के रुग्णांमागे तोच असतो.

आपल्याकडे फिट येणाऱ्याच्या मेंदूत दिसणारी एखादीच गाठ पूर्वी सर्रास क्षयाची समजली जाई. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या डॉ. चांडी, डॉ. राजशेखर आणि सहकाऱ्यांनी गाठी काढून तपासल्या, तेव्हा बहुतेक या अळीच्या निघाल्या. 1991 साली ते प्रसिद्ध झालं आणि कित्येकांचे क्षयाचे अनावश्यक उपचार टळले.

तरीही फिट आली की आजही कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात आणि मुलीचं लग्न अडेल म्हणून आजार लपवतात. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू व मनोविकार संस्थेच्या पाहणीत शहरापेक्षा भोवतालच्या खेड्यांत अपस्माराचं प्रमाण दुप्पट आढळलं होतं. त्याची कारणं अनेक असतात, पण या अळीपुरतं बोलायचं तर शौचालय, स्वच्छ पाणी आणि साबण यांनी ती रोखता येते.

तेव्हा कोबी जरूर खा, पण पानं सुटी करून वाहत्या पाण्यात धुऊन, नीट शिजवून. कुणाला फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका आणि मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्या. फिट येणाऱ्याला जंताची गोळी मनाने देऊ नका. अळी मरताना मेंदूला सूज येते, म्हणून ते औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. हा आजार लपवू नका, त्यावर उपचार आहेत.