जुना हिरा म्हणजे हलका हिरा नव्हे

गेल्या अंकातील पत्रात जुन्या हिऱ्यांची 'चमक कमी, म्हणून प्रत हलकी' असा निष्कर्ष काढला आहे. तो मान्य होण्यासारखा नाही. आजच्या ब्रिलियंट कटची प्रमाणे मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ साली गणिताने मांडली. त्याआधीचे 'ओल्ड माइन' घाटाचे हिरे उंच माथ्याचे आणि लहान टेबलाचे (वरच्या सपाट पैलूचे) असतात. त्यांची झळाळी वेगळी असते, पण म्हणून हिरा कमअस्सल ठरत नाही. आधुनिक दिसावा म्हणून तो पुन्हा घासून घेतला, तर वजन घटते आणि जुनेपणाचे मोलही जाते.

'नवा दागिना हॉलमार्कचा, म्हणून निर्धास्त' हे त्या पत्रलेखकांचे दुसरे विधान तर दिशाभूल करणारे आहे. हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो. हिऱ्याविषयी काहीच सांगत नाही. नव्या दागिन्यात प्रयोगशाळेत घडवलेला हिरा असू शकतो; तो नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही, आणि त्याची किंमत खाणीतल्या हिऱ्यापेक्षा बरीच कमी असते.

जुन्या दागिन्यात मूळ खडा बदललेला असू शकतो, ही त्यांची शंका मात्र रास्त आहे. पण त्यावर उपाय तपासणीचा आहे, बहिष्काराचा नव्हे. कोंदणात बसवलेल्या खड्याची प्रत नेमकी ठरवता येत नाही, म्हणून मोठा खडा शक्य असल्यास सुटा काढून तपासावा. दागिना जुना असो वा नवा, बिलावर हिऱ्याचे वजन, प्रत, तो नैसर्गिक की प्रयोगशाळेतला, आणि घडणावळ हे सारे वेगवेगळे लिहून घ्यावे. मोडीच्या वेळी घडणावळ परत मिळत नाही, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे.

– एक वाचक, ठाणे