हॅलोवीन, घरोघरीचा वाद आणि इतिहासाची खोटी साक्ष

१/ ३१ ऑक्टोबर जवळ आला की अमेरिकेतील अनेक घरांत एक वाद नेमाने डोके वर काढतो. मुलांना सोंगे घालून शेजाऱ्यांच्या दारी खाऊ मागायला पाठवावे की नाही? आईला ती निव्वळ गंमत वाटते. इव्हँजेलिकल पंथात वाढलेल्या वडिलांना त्यात सैतानाची सावली दिसते. आजीआजोबांचे तिसरेच काही असते. वाद चिघळला की दोन्ही बाजू इतिहासाला साक्षीस बोलावतात. ती साक्ष बहुधा खोटी असते.

२/ ती ठरलेलीच आहे. हॅलोवीन म्हणजे प्राचीन केल्टिक लोकांचा 'साविन' हा मृतांचा सण; चर्चने त्यावर 'सर्व संतांचा दिवस' हे पांघरूण घातले. विरोधक म्हणतात, म्हणून तो निषिद्ध. हौशी समर्थक म्हणतात, म्हणूनच तो अस्सल. निष्कर्ष उलटे, पुरावा मात्र एकच, आणि तोही लंगडा.

३/ साविन होता, यात शंका नाही. मध्ययुगीन आयरिश कथांत त्या दिवसांच्या राजसभा, मेजवान्या आणि अद्भुत संकटे येतात. परंतु या कथा ख्रिस्ती काळात लेखनबद्ध झाल्या आणि त्यांत मृतांच्या पूजेचे स्पष्ट वर्णन नाही. तो अर्थ जेम्स फ्रेझर यांच्यासारख्या अभ्यासकांनी १९ व्या शतकाच्या अखेरीपासून रूढ केला. इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी या धारणेची सविस्तर चिकित्सा केली आहे. आणखी एक गंमत: आरंभीच्या आयर्लंडमध्ये सर्व संतांचा दिवस २० एप्रिलला पाळला जाई! १ नोव्हेंबर ही तारीख इंग्लंड आणि जर्मन प्रदेशांत आधी रुजली. ज्यांचा सण झाकण्यासाठी ती निवडली म्हणतात, त्यांच्याकडे ती बाहेरून आली.

४/ मग मृत कोठून आले? बव्हंशी चर्चमधूनच. दहाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील क्लूनी मठाचा प्रमुख ओडिलो याने २ नोव्हेंबर हा मृतात्म्यांसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला. 'परगेटरी'त शुद्धीची वाट पाहणाऱ्या आत्म्यांना जिवंतांची प्रार्थना आधार देते, ही त्यामागची श्रद्धा. गोव्यात आणि वसईत २ नोव्हेंबरला कबरींवर फुले नि मेणबत्त्या दिसतात, त्या याच परंपरेतल्या.

५/ या सणाच्या इतिहासातील सर्वांत विलक्षण प्रकरण इंग्लंडमधले आहे, आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते. १६ व्या शतकातील धर्मसुधारणेने परगेटरी नाकारली. मृतांसाठी रात्रभर घंटा वाजवणे निषिद्ध ठरले; तरीही त्या वाजवणाऱ्यांवर एलिझाबेथच्या राजवटीत कारवाई झाल्याच्या नोंदी सापडतात. चर्चचे दार बंद झाले, तेव्हा प्रार्थना कुटुंबाने उचलली. लँकशायरमध्ये कॅथलिक कुटुंबे या सणाच्या मध्यरात्री टेकडीवर जमत. एक जण काट्याच्या टोकावर पेटलेला पेंढा उंच धरी. उरलेले भोवती गुडघे टेकून, ज्वाळा विझेपर्यंत आपल्या गेलेल्या माणसांसाठी प्रार्थना करीत. ही प्रथा पार १९ व्या शतकापर्यंत तगून राहिली.

६/ त्या टेकडीखालच्या गावात हे सारे अंधश्रद्धा मानणारी प्रोटेस्टंट घरेही होती. काही नात्यागोत्यातलीही असणार. म्हणजे 'आमच्या घरी हा दिवस कसा पाळायचा' हा प्रश्न आधुनिक अमेरिकेचे अपत्य नव्हे. सण पाळणे हे जसे परंपरा, तसे तो नाकारणेही. सोंगे नको म्हणणाऱ्या बापाला मागासलेला ठरवून हसणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. त्याने मात्र नकार आपल्या आजच्या श्रद्धेच्या बळावर द्यावा. केल्टिक पुरोहितांचे भूत पोराच्या मानगुटीवर बसवू नये.

७/ १९ व्या शतकात आयरिश आणि स्कॉटिश स्थलांतरितांनी हा सण अमेरिकेत नेला. सलगमाच्या जागी भोपळा आला. दारोदार खाऊ मागण्याची आजची रीत तर १९३० च्या दशकापासून पसरली. कशाला मूळ मानायचे, हे ज्याने त्याने ठरवावे!

८/ उत्तर आयर्लंडमधील डेरी शहराचे उदाहरण येथे बोलके आहे. तेथे मिरवणुका, झेंडे, इतकेच काय शहराचे नावही कॅथलिक-प्रोटेस्टंट वादात सापडलेले. पण १९८० च्या दशकात, संघर्ष ऐन भरात असताना, हॅलोवीनला सोंगे घेऊन रस्त्यावर उतरण्याची प्रथा तेथे वाढू लागली. आज तो दोन्ही समाजांचा उत्सव आहे. मुखवट्याआड कोण कोणत्या चर्चचा, हे ओळखू येत नाही, हा मोठाच फायदा.

९/ अमेरिकेतील घरांनी काढलेल्या वाटाही अशाच संमिश्र. काही ल्यूथरन कुटुंबे ३१ ऑक्टोबरला १५१७ मधील ल्यूथरच्या प्रबंधांचे स्मरण करतात. काही चर्च 'सुगीचा सण' भरवतात किंवा आवारातच गाड्यांच्या डिक्क्या सजवून मुलांना खाऊ वाटतात. परधर्मीयांची रीत म्हणून हॅलोवीन टाळणाऱ्या ज्यू घरांत सोंगे निघतात ती पुरिमला. हे पर्याय पळवाट वाटू शकतात. पण मुलाला एका पालकाच्या बाजूने उभे करण्यापेक्षा ते केव्हाही बरे. आणि काहीच नको असेल, तर प्रथेत त्याचीही सोय आहे: व्हरांड्यातला दिवा मालवायचा. ते पाहून मुले त्या घराचे दार न ठोठावता पुढल्या घराकडे वळतात.