उष्टावणानंतरची रिकामी वाटी

बाळाला सहावा महिना सरत आला की मराठी घरात उष्टावणाची तयारी सुरू होते. मामाच्या मांडीवर बसलेल्या बाळाच्या ओठांना खिरीचे बोट लागते, ओवाळणी होते, आणि आईच्या दुधावाचून दुसऱ्या अन्नाची ओळख नसलेला तो जीव घराच्या पंगतीत सामील होतो. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध आणि त्यानंतर त्याला वरच्या अन्नाची जोड, हा दंडक जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली, उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन, घालून दिला. आपल्या आज्यांना हे पूर्वीपासूनच ठाऊक होते, असे म्हणून पाठ थोपटून घेण्याचा मोह कोणालाही होईल. पण परंपरेने मुहूर्त ठरविला तो पहिल्या घासाचा. दुसऱ्या दिवशीच्या, दुसऱ्या महिन्याच्या घासाची जबाबदारी कोणाची, हे मात्र परंपरेने सांगितले नाही आणि शासनानेही पुरतेपणी ठरविले नाही. धाराशिवसारख्या जिल्ह्यातील बालकांच्या कुपोषणाचे मूळ या न ठरविलेल्या जबाबदारीत आहे.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे या दृष्टीने वाचले पाहिजेत. सहा ते तेवीस महिने वयाच्या बालकांपैकी ज्यांना पुरेशा वेळा आणि पुरेशा प्रकारचे अन्न मिळते, अशी बालके देशात शंभरात जेमतेम अकरा आढळली. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हेच प्रमाण ३४.४ टक्के होते. रक्तक्षयाने ग्रासलेल्या बालकांचे प्रमाण याच काळात ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेले. उद्योगात अग्रेसर म्हणवणाऱ्या राज्याला ही प्रगतिपुस्तिका भूषणावह नाही.

'आपली माणसे मुळातच ठेंगणी, त्यात नवल ते काय,' असे यावर सहजपणे म्हटले जाते. या समजुतीला शास्त्राने आधार ठेवलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात दिल्ली, ओस्लो, मस्कत, घानातील आक्रा, ब्राझीलमधील पेलोतास आणि अमेरिकेतील डेव्हिस या सहा ठिकाणी मुलांच्या वाढीची मोजदाद केली. आईचे दूध, योग्य आहार आणि निरोगी परिसर लाभलेली मुले पाचव्या वर्षापर्यंत सर्वत्र जवळजवळ सारखीच वाढतात, असा तिचा निष्कर्ष निघाला. तेव्हा मराठवाड्यातील मुलाची खुंटलेली उंची ही वंशाची देणगी नसून वाट्याला न आलेल्या अन्नाचा आणि वारंवारच्या आजारांचा हिशेब आहे.

हा हिशेब बिघडतो तो प्रामुख्याने सहा महिने ते दोन वर्षे या काळात. जन्मतः शरीरात असलेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो आणि आईच्या दुधातून लोह अल्पच मिळते. बाळाचे पोट लहानशा वाटीएवढे, पण वाढीचा वेग असा की पुढे आयुष्यात तो पुन्हा येणे नाही. म्हणून अन्न थोडे, घट्ट, विविध आणि दिवसातून अनेकदा द्यावे लागते. सिसिली विल्यम्स या डॉक्टर महिलेने १९३० च्या दशकात आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घानामध्ये, 'क्वाशिओरकोर' या व्याधीचे वर्णन केले. नवे भावंड आल्यावर आधीच्या मुलाला जडणारा आजार, असा त्या स्थानिक शब्दाचा आशय आहे. अंगावरचे दूध सुटले आणि हाताशी पुरेसे अन्न नाही, या कोंडीचे इतके नेमके निदान एखाद्या ग्रंथातही क्वचितच सापडेल.

महाराष्ट्रातील संशोधन याच्याही एक पाऊल मागे जाते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास केला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातून असे दिसले की, गरोदरपणी हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध ज्या स्त्रियांच्या आहारात अधिक वेळा होते, त्यांची बाळे जन्मतः अधिक भरलेली होती. केवळ पोट भरणे पुरत नाही. ताटात काय आहे, हेही मोलाचे असते.

आणि धाराशिवच्या ताटात काय नाही? येथील रब्बी ज्वारीला चव आहे, तूर आणि हरभरा आहे, शेवगा बांधावर उभा आहे. उस्मानाबादी शेळी जुळ्या करडांसाठी आणि दुधामांसासाठी देशभर नावाजलेली आहे. भूम, वाशी, परंडा हा पट्टा खव्यासाठी प्रसिद्ध असून एक किलो खव्यासाठी चार-पाच लिटर दूध कढईत आटते. पण खवा शहरातील मिठाईच्या दुकानात जातो, शेळी बाजारात जाते, डाळ आडतीवर जाते. ज्वारीची जागा घेत चाललेले सोयाबीन तर घरी शिजण्यासाठी पेरलेच जात नाही. हा व्यवहार शेतकऱ्याने हौसेने पत्करलेला नाही. कर्जाचा हप्ता आणि पावसाचा लहरीपणा त्याला तो करायला लावतात. परिणाम मात्र असा की, दूध पिकविणाऱ्या गावातील बाळाच्या हाती चहात बुडविलेले बिस्किट किंवा पाच रुपयांचे खारे पुडके येते. त्यातील चहा तर अन्नातील लोहही शरीराला नीट लागू देत नाही.

दुसरी अडचण वेळेची आहे. 'आयांना कळत नाही' हा निष्कर्ष कचेरीत बसून काढणे सोपे असते. पण बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून दरवर्षी हजारो जोडपी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. पहाटे फडात उतरणारी आई बाळाला दिवसातून चार वेळा कधी आणि काय भरविणार? ती गावात राहिली तरी खुरपणी आणि सोयाबीनची काढणी तिला सोडत नाही, आणि बाळ सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर जाते. म्हणजे एका मुलाचे पोट अर्धे राहते आणि दुसरीची शाळा बुडते.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनी सुरू झालेली एकात्मिक बालविकास सेवा योजना आज गावोगाव पोचली आहे. मात्र अंगणवाडीतील गरम आहार मिळतो तो तीन ते सहा वर्षांच्या मुलांना. सहा महिने ते तीन वर्षे या सर्वांत नाजूक वयासाठी घरी नेण्याचा शिधा दिला जातो, आणि जेथे सगळेच अर्धपोटी असतात तेथे तो शिधा बाळाचा एकट्याचा कसा राहणार? तरीही जिद्द धरली तर चित्र पालटते, हे याच महाराष्ट्राने दाखविले आहे. मराठवाड्यातील प्रयोगातून पुढे आलेले राजमाता जिजाऊ मिशन २००५ साली स्थापन झाले. प्रत्येक मुलाचे वजन खरेखुरे घेणे, आरोग्य आणि बालविकास या दोन खात्यांनी एकत्र काम करणे, अशा साध्या गोष्टींवर त्याचा भर होता. दोन वर्षांखालील मुलांतील खुंटलेल्या उंचीचे प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होते. २०१२ च्या राज्यव्यापी पोषण पाहणीत ते सुमारे २३ टक्क्यांवर आलेले आढळले. मग नंतरच्या पाहण्यांत पाच वर्षांखालील मुलांचे आकडे एका जागी का थिजले, याचे उत्तर राज्यकर्त्यांनी द्यावयास हवे.

उस्मानाबादचा समावेश २०१८ साली देशातील आकांक्षित जिल्ह्यांत झाला आणि त्या कार्यक्रमात आरोग्य व पोषण यांना मोठे वजन देण्यात आले. २०२३ साली जिल्ह्याचे नाव बदलले. आता बालकांचे नशीबही बदलावयाचे असेल तर तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात. पहिली, अंगणवाडीला पाळणाघराची जोड. केंद्राच्या 'पालना' योजनेत तशी तरतूद आहे. तिचा लाभ प्रथम ऊसतोडीच्या आणि शेतमजुरांच्या गावांना, तसेच हंगामात कारखान्यांच्या तळांवर मिळावा. १९७२ च्या दुष्काळात सुकडी वाटली गेली, हे जुन्या पिढीला अजून आठवते. माणसे राबत होती तेथवर तेव्हा अन्न पोचू शकले, तर आज ते फडाच्या कडेला का पोचू नये? दुसरी, वजनाबरोबर लांबीचीही प्रामाणिक नोंद. वजन बरे दिसले तरी खुंटलेली लांबी लपून राहते, आणि लपलेले दुखणे कोणी बरे करीत नाही. तिसरी, घरच्याच अन्नाचे शिक्षण. मोड आणून, वाळवून, दळलेल्या धान्याचे चिमूटभर पीठ घातले की घट्ट लापशी पातळ होते आणि लहान पोटात अधिक अन्न मावते, हे बडोद्याच्या विद्यापीठातील संशोधनाने १९८० च्या दशकात दाखविले. नाचणीचे सत्त्व करणाऱ्या घरांना ही रीत परकी नाही. वरणात कुस्करलेली भाकरी, वर लिंबाचे दोन थेंब, चालत असेल तेथे अंडे. यासाठी परदेशी डबा लागत नाही.

असे शिक्षण खेड्यातील बाई उत्तम देऊ शकते, याचे दाखले शेजारी आणि घरातही आहेत. लगतच्या जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अल्पशिक्षित स्त्रियांच्या हाती गावाचे आरोग्य सोपविले. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे हॅलो मेडिकल फाउंडेशनने 'भारतवैद्य' महिला उभ्या केल्या. वाण कशाची आहे, तर अशा स्त्रियांना मान, पुरेसे मानधन आणि हातात साधन देण्याच्या इच्छेची.

पहिलीच्या वर्गात जे मूल लक्ष देत नाही, पाढा विसरते, खिडकीशी पेंगते, त्याच्याबद्दल शिक्षक तक्रार करतात. आणि ती खोटी नसते. पण मेंदूची बहुतेक वाढ दुसऱ्या वर्षापर्यंत होऊन जाते. त्या वर्गातील कित्येक मुलांचा निकाल शाळेत नाव घालण्याच्या चार वर्षे आधीच, रिकाम्या वाटीने लावलेला असतो. तो बदलणे शिक्षकाच्या एकट्याच्या हाती नाही. परंतु ग्रामसभेत आराखडा मंजूर होताना रस्ता आणि सभामंडप यांच्या आधी पाळणाघराचे नाव घेणे, हे गावातील प्रत्येक शिकल्यासवरल्या माणसाच्या हाती आहे. उष्टावणाच्या दिवशी गाव जेवायला येते. त्यानंतरच्या अठरा महिन्यांतही गावाने त्या वाटीकडे पाहिले, तरच तो सोहळा सार्थकी लागेल.