कोल्ड ब्रू थंड असते, म्हणून ती सौम्य नसते!

या उन्हाळ्यात साक्रीतल्या माझ्या दवाखान्यात एक वाक्य वारंवार ऐकलं. छातीत जळजळ, धडधड, झोप नाही अशी तक्रार घेऊन तरुण मुलं येतात. कॉफी किती पिता असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "डॉक्टर, थंडी कॉफी शे, ॲसिडिटी व्हत नही."

ही समजूत चुकीची आहे. मोबाईलवरच्या व्हिडिओंमधून ती पसरते आणि त्याची किंमत तुमचं पोट मोजतं.

कोल्ड ब्रू खरंच कमी आम्लयुक्त असते का?

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियामधील दोन संशोधक महिलांनी २०१८ मध्ये वेगवेगळ्या बियांची, प्रत्येकीची गरम आणि थंड कॉफी तपासली. दोन्हींचा पीएच जवळजवळ सारखाच, ४.८५ ते ५.१३ च्या दरम्यान निघाला. एकूण आम्लं गरम कॉफीत काहीशी जास्त होती, हे खरं. थंड पाण्यात कडवटपणाही कमी उतरतो, म्हणून जिभेला ती सौम्य लागते. पण जठरात आम्ल वाढवण्याचं काम थंड कॉफीही करते. जीभ फसते, जठर फसत नाही.

कॅफिनचा हिशेब करा

घरी फ्रेंच प्रेसमध्ये लोक साधारण ७५ ग्रॅम पूड आणि ६०० मिली पाणी घेतात. अरेबिका बियांत सुमारे १.२ टक्के कॅफिन असतं, रोबस्टात त्याच्या जवळपास दुप्पट. भारतात पिकते ती बहुतांश रोबस्टाच. समजा त्यातलं दोन तृतीयांश कॅफिन पाण्यात उतरलं, तर पाणी न मिसळता प्यायलेल्या २५० मिलीच्या एका ग्लासात अरेबिकाचं सुमारे २५० आणि रोबस्टाचं ४५० मिलिग्रॅम होतं. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा अशी: एका वेळी २०० मिलिग्रॅम, दिवसभरात ४००. गरोदर महिलांसाठी दिवसभरात २००.

म्हणजे भरतीचा अभ्यास करत रात्री दोन ग्लास रिचवणारा मुलगा धडधडतोय, यात नवल काय? त्यावर रोज रिकाम्यापोटी ॲसिडिटीची गोळी घेणं हा उपाय नाही. आधी ग्लास खाली ठेवा.

मग बनवूच नये का?

बनवा की! माझा विरोध कॉफीला नाही, तिला औषध म्हणण्याला आहे. नीट बनवायची असेल तर असं करा:

• जाडसर दळलेली पूड घ्या. इन्स्टंट कॉफी चालत नाही, ती पूर्ण विरघळते आणि गाळायला काही उरतच नाही.
• पिण्याचं स्वच्छ पाणी ओता, ढवळा, दांडा वर ठेवूनच झाकण लावा.
• १२ ते १६ तास फ्रिजमध्येच ठेवा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात रात्रभर ओट्यावर ठेवणं म्हणजे जंतूंना आमंत्रण. लाइट बराच वेळ गेली असेल तर ती कॉफी टाकून द्या.
• दांडा हळू दाबा आणि कॉफी लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. दोन-तीन दिवसांत संपवा.
• पिताना एक भाग कॉफीत दोन भाग पाणी किंवा दूध घाला.
• जाळी सुटी करून धुवा. तिच्यात अडकलेलं कॉफीचं तेल खवट होतं.

कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर कॉफी कागदी फिल्टरमधून पुन्हा गाळा. प्रेसच्या धातूच्या जाळीतून कॉफीतले तेलकट घटक निसटतात, त्यातले काही एलडीएल वाढवतात. आणि प्रेस नसेल तर स्टीलचा डबा आणि स्वच्छ सुती फडकं पुरतं. महाग भांड्याने कॉफी आरोग्यदायी होत नाही.

बहिणींनो, तुमच्यासाठी वेगळं सांगतो. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त महिलांना रक्तक्षय आहे. चहा असो वा कॉफी, जेवणासोबत घेतली की भाजी-भाकरीतलं लोह पुरेसं अंगी लागत नाही. जेवणानंतर किमान एक तास जाऊ द्या. लोहाची गोळी तर कॉफीसोबत कधीच घेऊ नका.

छातीत सतत जळजळ, गिळताना त्रास, काळी शौच किंवा वारंवार धडधड होत असेल, तर कॉफीचा प्रकार बदलत बसू नका. तपासणीला या.