खलाशाची कॉलर, राजपुत्राचा गळा

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्लंडमधील मुलांची छायाचित्रे पाहताना एक वेष पुन्हा पुन्हा समोर येतो. पाठीवर चौकोनी उतरलेली निळी कॉलर, तिच्या कडेने पांढऱ्या फिती, गळ्याशी काळा रेशमी रुमाल. मुलगा असेल तर विजार, मुलगी असेल तर चुण्यांचा स्कर्ट. त्या काळातील बालसाहित्य शिकवताना हा खलाशी-वेष आपण निरागसतेची खूण म्हणून गृहीत धरतो. हे गृहीतक तपासून पाहायला हवे, असे मला वाटते.

या वेषाची प्रथा रूढ होण्यास राजघराणे कारणीभूत ठरले. सप्टेंबर १८४६ मध्ये व्हिक्टोरिया राणीचा चार वर्षांचा मुलगा, म्हणजे पुढचा राजा सातवा एडवर्ड, शाही नौकेवर या वेषात वावरला आणि विंटरहाल्टर या चित्रकाराने त्याचे तसेच चित्र रंगवले. हा वेष अधिकाऱ्याचा नव्हता, साध्या खलाशाचा होता, हे महत्त्वाचे. ब्रिटिश आरमारातील साध्या खलाशांसाठी अधिकृत गणवेश ठरला तो त्यानंतर, १८५७ मध्ये. राजपुत्राला खलाशाचे कपडे शोभले, कारण त्याला कोणी खलाशी समजण्याची मुळीच शक्यता नव्हती. पुढे मध्यमवर्गाने ही हौस उचलली तीही याच सुरक्षिततेच्या बळावर. श्रमाचा वेष घ्यायचा, श्रम मात्र दुसऱ्यांसाठी ठेवायचे, असा तो व्यवहार होता.

१९०६ मध्ये ‘ड्रेडनॉट’ ही युद्धनौका पाण्यात उतरली आणि जर्मनीशी आरमारी चढाओढ तीव्र झाली. जर्मनीतील मुलेही तेव्हा असाच वेष घालत होती! दोन्ही देशांत आरमाराचा अभिमान मुलांच्या कपाटापर्यंत पोचला होता.

याच वेषात खरोखर काम करणारी मुलेही होती. पूर्व लंडनच्या कष्टकरी वस्तीतला जॅक कॉर्नवेल १९१५ मध्ये आरमारात भरती झाला. ३१ मे १९१६ रोजी जटलंडच्या लढाईत ‘चेस्टर’ या नौकेवरील त्याच्या तोफेजवळचे सहकारी मेले किंवा घायाळ झाले. स्वतः जबर जखमी होऊनही तो हुकमाची वाट पाहत जागेवर उभा राहिला. २ जूनला तो मरण पावला. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. प्रथम त्याला सामायिक थडग्यात पुरले होते. वृत्तपत्रांनी ओरड केल्यावर २९ जुलैला मोठ्या इतमामाने त्याचे पुन्हा दफन झाले आणि त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. फ्रँक सॅल्स्बरी या चित्रकाराने त्याचे चित्र काढताना त्याच्या भावाला समोर उभे केले.

विंटरहाल्टरचा राजपुत्र आणि सॅल्स्बरीचा कॉर्नवेल ही दोन चित्रे वर्गात शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. वेष एकच आहे. एकाने तो खेळ म्हणून घातला, दुसऱ्याने नोकरी म्हणून. पहिल्याच्या निरागसतेविषयी आपण पुष्कळ लिहिले आहे. ती निरागसता कोणाच्या जिवावर उभी होती, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवल्याखेरीज त्या काळाचे बालपण शिकवून झाले, असे म्हणता येणार नाही.