रिपीटर चालू आहे, पण बोलतंय कोण? नागपुरातल्या हॅम रेडिओच्या शांततेमागचं कारण

परवा ऑफिसमधल्या एका मित्राने विचारलं, "ऑनलाइन वॉकीटॉकी मागवला तर चालतो का रे? पुन्हा पूर आला तर कामी येईल." प्रश्न साधा आहे, पण उत्तराला दोन भाग आहेत. पहिला भाग कायद्याचा, त्याबद्दल २०२५ मध्ये बऱ्याच बातम्या आल्या. दुसऱ्या भागाबद्दल कुणीच बोलत नाही: सेट हातात आला, तरी पलीकडून उत्तर कोण देणार? हा लेख मुख्यतः त्या दुसऱ्या भागाबद्दल आहे.

आधी बातमी समजून घेऊ

मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकी विकणाऱ्या १३ ई-कॉमर्स प्लॅटफॉर्मना नोटिसा पाठवल्या. महिनाअखेरीस अशा विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वंही आली. सेट कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, परवाना लागतो की नाही आणि त्याला सरकारी तांत्रिक मंजुरी आहे का, हे विक्रेत्याने स्पष्ट लिहायला हवं, असा त्यांचा गाभा आहे.

ग्राहकाच्या दृष्टीने सेट दोन प्रकारचे. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात कमी शक्तीवर चालणाऱ्या सेटना २०१८ च्या नियमांनुसार परवाना लागत नाही. ट्रेकला, लग्नाच्या मांडवात किंवा सोसायटीच्या गेटवर ते पुरतात. बाकीच्या सेटना परवाना लागतो. हौशी रेडिओ म्हणजे हॅम रेडिओ या दुसऱ्या गटात येतो. त्यासाठी दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. वयाची अट १२ वर्षांची आहे आणि परीक्षा घेणाऱ्या शहरांत नागपूरचं नाव पूर्वीपासून आहे. पास झालात की कॉलसाइन मिळतं. रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं 'व्हीयू३' ने सुरू होतं, जनरल ग्रेडचं 'व्हीयू२' ने.

म्हणजे मित्राला उत्तर असं: पहिल्या प्रकारचा असेल तर खुशाल घे, दुसऱ्या प्रकारचा असेल तर आधी परीक्षा दे. पण पूर आला तर उपयोग होईल का? तिथे गोष्ट बदलते.

माझी सुरुवात: २३ सप्टेंबर २०२३

नागपूरकरांना ती पहाट सांगायला नको. चार तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो आणि नाग नदीचं पाणी थेट वस्त्यांमध्ये. आमच्या भागात लाइट गेली, आणि माझ्या मोबाइलला काही तास धड नेटवर्क नव्हतं. आत्या शंकरनगरात राहते, तिचा फोन दुपारपर्यंत लागला नाही. ती सुखरूप होती. पण ते चार-पाच तास मी विसरलो नाही.

त्यानंतर मी परीक्षेचा अभ्यास केला, परवाना काढला, पाच वॅटचा हँडहेल्ड सेट घेतला. इंटरनेटवरच्या याद्यांमधून आसपासच्या रिपीटरच्या नोंदी उतरवल्या, सेटमध्ये भरल्या आणि बाल्कनीत उभा राहिलो. पहिला दिवस शांत. दुसरा दिवस शांत. पंधरा दिवसांत मी फक्त खरखर ऐकली. वाटलं, नागपुरात हॅम रेडिओ संपला बहुतेक.

तसं नव्हतं. चूक आधी माझी होती, मग भूगोलाची आणि शेवटी आपल्या सगळ्यांच्या सवयीची.

रिपीटर नेमकं काय करतो?

हातातल्या सेटची शक्ती कमी आणि अँटेना बुटकी. त्यामुळे शहरात दोन सेट एकमेकांना थेट काही किलोमीटरच ऐकू शकतात. रिपीटर उंचावर बसवलेला असतो. तो तुमचा आवाज एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जास्त ताकदीने पुन्हा सोडतो. भारतात हॅमसाठी व्हीएचएफचा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा आहे. यात दोन्ही फ्रिक्वेन्सींमध्ये साधारण ६०० किलोहर्ट्झचं अंतर ठेवतात, त्याला ऑफसेट म्हणतात. उदाहरणार्थ, रिपीटर १४५.७०० वर बोलत असेल तर तो ऐकतो १४५.१०० वर.

तिसरी गोष्ट टोनची. अनेक रिपीटरना कुलूप असतं. तुमच्या आवाजाखाली ठरावीक हर्ट्झचा बारीक टोन गेला तरच ते उघडतं. हा टोन ऐकणाऱ्याला जाणवत नाही. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर फ्रिक्वेन्सी म्हणजे सर्व्हरचा पत्ता, ऑफसेट म्हणजे पोर्ट आणि टोन म्हणजे टोकन. यातलं एक जरी चुकलं तरी तुम्ही कितीही बोला, समोरून काही येणार नाही. आणि एरर मेसेजही येत नाही!

मी काय केलं होतं? टोन बोलताना लावायचा, तो मी ऐकतानाही लावून ठेवला होता. मग सेट फक्त तोच टोन असलेले सिग्नल ऐकवतो, बाकी सगळं गिळून टाकतो. शिवाय यादीतल्या काही नोंदी इतक्या जुन्या होत्या की ते रिपीटर आता हवेत नव्हतेच. यादीवर विश्वास ठेवण्याआधी शेवटचा अपडेट कधीचा आहे ते बघा.

नागपूरची अडचण: डोंगर कुठे आहे?

पुण्याच्या दूरदर्शनचा टॉवर सिंहगडावर का आहे? उंचीसाठी. रिपीटरचं गणितही तेच. व्हीएचएफ लहरी साधारण सरळ रेषेत जातात. त्यांचं क्षितिज काढायचं सोपं सूत्र आहे: अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं.

माझी बाल्कनी जमिनीपासून नऊ मीटर. वर्गमूळ ३, म्हणजे क्षितिज जेमतेम १२ किलोमीटर, तेही मधे इमारती नसतील तर. शंभर मीटर उंचीवरची अँटेना ४१ किलोमीटर बघते. आजूबाजूच्या सपाटीपेक्षा ७०० मीटर उंच डोंगर असेल तर हा आकडा १०९ वर जातो.

आता नागपूर बघा. शहर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरच्या आसपास आणि बऱ्यापैकी सपाट. सेमिनरी हिल्सला आपण 'हिल्स' म्हणतो ते प्रेमाने. चिखलदरा उंच आहे, पण सरळ रेषेत सुमारे १८० किलोमीटर दूर. तिथली अँटेना अमरावतीला आरामात बघेल, नागपूरला नाही. म्हणून आपल्याकडे रिपीटर उंच इमारतीवर किंवा टॉवरवरच बसवावा लागतो. त्याची पोहोच शहर आणि थोडा परिसर इतकीच राहते, आणि तेवढ्याच लोकांतून बोलणारे मिळवावे लागतात.

सगळ्यात जवळचा गजबजलेला रिपीटर: ४०० किलोमीटरवर, डोक्यावर

गंमत म्हणजे मला पहिला जिवंत आवाज मिळाला तो अंतराळातून. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर हॅम रेडिओचा रिपीटर आहे. तो १४५.९९० वर ऐकतो (टोन ६७ हर्ट्झ) आणि ४३७.८०० वर बोलतो. हा रिपीटर नेहमी चालू असतोच असं नाही, पण चालू असताना स्थानक डोक्यावरून गेलं की दहा मिनिटांच्या आत काय ऐकायचं ते ऐकून घ्यायचं. स्थानक प्रचंड वेगात असल्यामुळे डॉप्लर परिणाम दिसतो: येताना फ्रिक्वेन्सी ४३७.८१० च्या आसपास, जाताना ४३७.७९० कडे. मी मोजपट्टीच्या पट्ट्या कापून यागी अँटेना बनवली, गच्चीवर गेलो आणि एकामागून एक 'व्हीयू' कॉलसाइन ऐकू आले. शेजारच्या काकूंना वाटलं मी केबल चोरतोय.

पण अंतराळ स्थानक पुरात आत्याचा निरोप आणून देणार नाही. त्यासाठी गावातलाच रिपीटर लागतो.

खरं कारण

ते मला एका ज्येष्ठ हॅमकाकांकडून कळलं. टोन नीट केल्यावर मी धाडस करून बोललो: कॉलसाइन सांगितलं आणि "ऐकतोय" एवढंच म्हणालो. पाच सेकंदांनी उत्तर आलं. पुढे त्यांच्या घरी चहाला गेलो, तेव्हा मी म्हणालो, "काका, पंधरा दिवस कुणीच नव्हतं हो."

"अरे, मी रोज असतो," ते म्हणाले. "सेट चालूच असतो माझा. पण कुणी बोलतच नाही, मग मी एकटा काय बोलू?"

म्हणजे पंधरा दिवस तेही ऐकत होते आणि मीही ऐकत होतो. हाच सगळा प्रॉब्लेम. गप्पा व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेल्या. ज्यांना दूरचं बोलायचं ते इकोलिंकसारख्या इंटरनेटवरच्या सोयींकडे वळले. त्या सोयी चांगल्या आहेत, पण इंटरनेट बंद पडलं की त्याही बंद, आणि आपण तर नेमक्या त्याच दिवसासाठी तयारी करतोय.

रोजचा वापर हीच तयारी

३० जुलै २०२४ ला वायनाडमध्ये भूस्खलन झालं. तेव्हा कल्पेट्टाच्या जिल्हाधिकारी कार्यालयात हॅम मंडळींनी केंद्र उभारलं आणि आपत्तीग्रस्त भागातून निरोप आणले. त्यासाठी अंबलवयलजवळच्या डोंगरावरचा स्थानिक क्लबचा रिपीटर वापरला गेला. तो त्या दिवशी बसवलेला नव्हता, आधीपासून होता. आपल्या राज्यात १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरही हॅमनी संपर्काचं काम केलं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. सरकार सेटची विक्री मोजू शकतं, परवाने मोजू शकतं. पण आपत्तीत उपयोगी पडते ती तिसरीच गोष्ट: कोणत्या वेळी कोण ऐकतंय, कुणाचा आवाज कुठून पोहोचतो आणि रिपीटरची बॅटरी लाइट गेल्यावर किती टिकते याची माहिती. ती फक्त नियमित बोलण्यातूनच तयार होते. न वापरलेल्या रिपीटरमध्ये बिघाड झाला तर तो कळतोही पुराच्याच दिवशी. आपण बॅकअप घेतो पण रिस्टोअर कधी करून बघत नाही, तसंच हे.

परवाना असेल तर हे करा

१. ऐकताना टोन बंद ठेवा, बोलताना चालू. ऑफसेटची दिशा तपासा.

२. घरात नाही, गच्चीवर जा. सेटच्या छोट्या रबरी अँटेनापेक्षा बाहेर लावलेली साधी अँटेना खूप फरक पाडते.

३. नुसतं बटण दाबून सोडू नका. कॉलसाइन सांगा, "ऐकतोय" म्हणा आणि अर्धा मिनिट थांबा. एका वेळी उत्तर नाही आलं तर सकाळी ऑफिसला निघायच्या आधी आणि रात्री जेवणानंतर पुन्हा करा.

४. ठरलेली वेळ पाळा. हॅमच्या भाषेत याला 'नेट' म्हणतात: एकजण हजेरी घेतो, बाकीचे कॉलसाइन सांगतात. राजकारण, धर्म आणि धंद्याच्या गप्पा नियमांत बसत नाहीत. हवामान, अँटेना आणि तब्येत हे विषय वर्षभर पुरतात.

परवाना नसेल तर बोलू नका, आणि पोलिसांच्या किंवा इतर खात्यांच्या फ्रिक्वेन्सी शोधत फिरू नका. परीक्षा अवघड नाही, महिनाभराचा अभ्यास पुरतो.

काका आणि मी आता रविवारी रात्री नऊ वाजता रिपीटरवर भेटतो. पहिल्या रविवारी दोघंच होतो. गेल्या वेळी पाच कॉलसाइन आले, त्यातला एक मुलगा बारावीचा. त्याचा आवाज हिंगण्याहून तुटक येत होता, तर काकांनी त्याला गच्चीवर पाठवलं आणि तो स्वच्छ ऐकू आला. पुढच्या पुरात हिंगण्याहून गच्चीवरूनच बोलावं लागेल, हे आता आम्हा पाच जणांना माहीत आहे.

ऑफिसच्या मित्राला मी परीक्षेचा फॉर्म पाठवलाय. सेट नंतर घे म्हटलं.